आनंदाकाकानं तुडवलेलं तळं

सगळ्यात आधी आमचं दूध फाटलं.

दोन दिवस मी दूधवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी दुकान बदललं, तरी चहात चोथा. मग डाळ शिजेना. सहा शिट्ट्या झाल्या, आठ झाल्या, तुरीचे दाणे आपले टक्क बघताहेत. आई म्हणाली, कुकरची रिंग गेली असेल. नवी रिंग आणली, रिंगवाल्यालाही शिव्या घालून झाल्या. पण पाणी बिघडलं असेल हे आमच्या घरात, अख्ख्या आळीत, एकाच्याही डोक्यात आलं नाही. बिघडेल कसं? बाव होती ती आमची.

बाव म्हणजे विहीर. आम्ही आगरी लोक, ठाण्यात कोपरीच्या अंगाला खाडीकाठी राहणारे. चारी बाजूंनी टॉवर उठलेत, गाव मध्ये अंग चोरून बसलंय. पण गावठाण तेवढं उंचवट्यावर, मुरमाच्या जमिनीवर. खाली दोनशे पावलांवर खाडी, जिचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि वर ही बाव, अशी गोड की पाहुणे जाताना बाटल्या भरून न्यायचे. नळ आहेत हो घरोघर. आंघोळ, धुणंभांडी नळाची. पण चहा, डाळ आणि देवाचं पाणी बावेचं.

काय झालंय ते ओळखलं माझ्या आत्यानं. भागीरथीआत्या, वय बहात्तर. नवरा गेल्यावर माहेरी परत आली आणि बावेला लागून आमचे चार गुंठे होते त्यात भाजी लावायला लागली. माठ, मुळा, अळू, कडेनं मोगरा. चाळीस वर्षं ती त्या वाडीवर जगली, कुणापुढे हात पसरला नाही. रोज सकाळी कोपरीच्या बाजूला स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसायची आणि नऊच्या आत टोपली उलटी करून घरी. तिच्या लाल माठासाठी टॉवरमधल्या बायका नवऱ्यांना पिटाळायच्या.

त्या फेब्रुवारीत माठाच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. तिनं राख टाकली, शेणखत बदललं, कुणाची दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्यासुद्धा ओवाळल्या. काही फरक नाही. मग एका सकाळी तिनं कळशी ओढली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकली. आळीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "खारी झाली! बाव खारी झाली रं आनंदा!"

आनंदा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा काका. ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

आमच्या घरात लग्न होऊन आलेली प्रत्येक बाई आधी काकाच्या पायांकडे बघते. फताडे पंजे, फाकलेली बोटं, टाचा अशा की खिळा घुसायला गेला तर खिळाच वाकेल. मापाची चप्पल त्याला आजवर मिळालेली नाही. ते मिठागरात वाढलेले पाय. आज्यानं, म्हणजे त्याच्या बापानं, त्याला दहाव्या वर्षी मिठागरात उतरवला.

आता मिठागर कुणी बघितलेलं नसतं, म्हणून सांगते. खाडीचं पाणी उथळ वाफ्यात घ्यायचं आणि उन्हात आटवायचं, की खाली मीठ राहतं. पण वाफ्याचा तळच पाणी प्यायला लागला तर मीठ येणार कुठून? म्हणून दिवाळी झाली की पहिलं काम तळाचं. बारीक गाळ पसरायचा, भिजवायचा, पायांनी तुडवायचा. जरा आंबटओला झाला की लाकडी चोपण्यानं चोपायचा. परत भिजवायचा, परत तुडवायचा. असं पंधरा-पंधरा दिवस, तळ आरशासारखा होईपर्यंत. पाण्याचा एक थेंब खाली जाता कामा नये. काकाच्या वाफ्यातून पाणी झिरपलं की आजा त्याला काठीनं बडवायचा. "पानी खाली गेला, म्हंजे घर खाली गेला," हे काका आजही झोपेत विचारलं तरी म्हणेल. मार खाऊन खाऊन असा कारागीर झाला की त्या पट्ट्यात त्याच्यासारखा तळ कुणाचा नव्हता. हे तो नाही, गावातले म्हातारे सांगतात. काका स्वतःबद्दल काही सांगत नाही. तो बोलतोच कमी, आणि बोलला की भांडल्यासारखा बोलतो. हाताला काम नसलं की आजारी पडतो. लग्नाच्या मांडवातसुद्धा हा माणूस खुर्च्या सरळ करत फिरतो.

मिठागर बंद पडलं. काका वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात हेल्पर लागला. तोही बंद पडला. मग आमच्या गावाला खेटून नीलांबरी नावाचं मोठं कॉम्प्लेक्स उभं राहिलं आणि काका तिथे माळी झाला.

त्या कॉम्प्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात, आत्याच्या वाडीच्या कुंपणाला लागून, बिल्डरनं एक मोठा खळगा करून दिलेला. चार बॅडमिंटन कोर्ट मावतील एवढा. सगळ्या गच्च्यांचं, रस्त्यांचं पावसाचं पाणी पाइपातून तिथे यायचं आणि तळाच्या वाळू-खडीतून जमिनीत जिरायचं. पहिली दोन-तीन वर्षं कितीही पाऊस पडो, थांबला की दोन दिवसांत खळगा रिकामा. पण पाणी काय एकटं येतं? रस्त्याची धूळ, शेजारच्या बांधकामाची माती, सिमेंटचा चुरा, सगळं घेऊन येतं. तो गाळ खडीवर बसत गेला. उन्हाळ्यात त्याला भेगा पडायच्या, पापुद्रे सुटायचे, वेफर्सच्या पिशव्या अडकायच्या. हा गाळ दरवर्षी खरवडून बाहेर टाकायचा असतो. बिल्डरनं सोसायटीला जी फाईल दिली तिच्यात तसं लिहिलंय. फाईल कपाटात, कपाटाची चावी सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी म्हणजे रत्नदीप, इस्त्रीच्या शर्टातला गोडबोल्या माणूस. त्यानं त्या फाईलचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. तो काकाला एवढंच म्हणाला, "आनंदाभाऊ, ते तळं जरा नीट करून घ्या ना. फार घाण दिसतं."

नीट करून घ्या! तळ नीट करणं म्हणजे काय, हे ज्याच्या पाठीवर काठीनं लिहिलंय त्याला सांगितलं, नीट करून घ्या!

काकानं माळ्यावरून आज्याचं चोपणं काढलं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मे महिन्याच्या उन्हात खळग्यात उतरला. भेगाळलेला गाळ फोडून बारीक केला, भिजवला, तुडवला, चोपला. वीस दिवस. पगार माळ्याचा, काम मिठागराचं. मी ऑफिसातून येताना बघायचे, तर हा एकटा माणूस त्या खळग्यात गोल गोल चालतोय आणि तोंडानं कसलंसं जुनं गाणं पुटपुटतोय. एवढा खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. कुंपणापलीकडून आत्या चहाचा पेला द्यायची आणि म्हणायची, "तो कोपरा ऱ्हायला बग."

पावसात तळं भरलं आणि भरलेलंच राहिलं. गणपती झाले, दिवाळी झाली, नाताळ झाला, तळं आपलं डबडबलेलं. काकानं कुठूनतरी कमळं आणून लावली, डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडले. संध्याकाळी बायका फोटो काढायला यायच्या. त्या बाजूच्या फ्लॅटवाल्यांनी "लेक व्ह्यू" म्हणायला सुरुवात केली. दरवर्षी मेमध्ये पाणी आटलं की काका नवा आलेला गाळ जुन्यावर तुडवून तळ आणखी घट्ट करायचा. अशी सात वर्षं. हां, जुलैत जोराचा लागला की तळं ओसंडून बी विंगच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडायच्या. त्याचं खापर सगळे गटारावर फोडायचे.

एका सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सोसायटीनं काकाला शाल आणि नारळ दिला. रत्नदीपनं माइकवर भाषण ठोकलं, आनंदाभाऊंच्या हातांची जादू वगैरे. आयुष्यात काकाचा झालेला तो एकमेव सत्कार. घरी आला, शाल आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "मिठागर गेला तवा वाटला, माजी अक्कल पन फुकट गेली. नाय गेली." मी रडले त्या दिवशी, खोटं कशाला बोलू.

तर अशा माणसाच्या बहिणीची बाव खारी झाली. काका पेटला. तीन दिवस जेवला नाही नीट. नुसता फेऱ्या मारत होता आणि एकच वाक्य, "माज्या बायची बाव मारली कोनी?" बाय म्हणजे थोरली बहीण. चौथ्या दिवशी त्यानं स्वतःच उत्तर काढलं: कॉम्प्लेक्सच्या बोअरवेल. त्यांनी खालचं गोड पाणी उपसलं, म्हणून खाडी आत आली. आम्हां सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. टॉवरवाले पाणी ओढतात, गावाला मारतात, हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की तपासायची गरजच वाटत नाही.

मग काय, मोर्चा! ज्या गेटमधून माळी म्हणून रोज आत जायचा, त्याच गेटवर काका पन्नास माणसं घेऊन उभा. प्रत्येकाच्या हातात बावेच्या पाण्याची बाटली. रत्नदीप खाली आला तर काकानं बाटली त्याच्या छातीला लावली. "पी! पिऊन दाखव! माजी बहीन चालीस वर्सं या पान्यावर जगली, तू एक घोट पी!" रत्नदीपचं तोंड बघण्यासारखं झालेलं. आत्या काही आली नव्हती, तिचे गुडघे चालत नाहीत. ती वाडीत बसलेली. वाडी म्हणजे काय राहिलं होतं म्हणा. माठ गेला, मुळा गेला, मोगऱ्याची पानं तपकिरी. टोपली महिनाभर भिंतीला उलटी टांगलेली. तिला आम्ही जेवायला बोलवायचो तर म्हणायची, भूक नाय.

रत्नदीप घाबरला आणि त्यानं एका बाईंना बोलावलं. कृतिका मॅडम, कॉलेजात शिकवतात, जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास आहे. वय माझ्याएवढंच, पस्तिशीच्या आत. पायांत बूट, डोक्याला रुमाल. आम्ही म्हटलं, ही यांचीच माणूस, यांच्याच बाजूनं बोलणार. दोन दिवस ती बावेत दोरी सोडत होती, बाटल्या भरत होती. बोअरवेल बघितल्या तर दोन्ही मोटारी चार वर्षांपूर्वीच जळलेल्या, कोळ्यांनी जाळी केलेली. तेव्हापासून एक थेंब उपसलेला नाही. काकाचा चेहरा पडला, पण हार मानेल तर काका कसला? म्हणाला, मग दुसरा कायतरी केला असंल यांनी. शोध बाय तू.

मे महिन्यातला रविवार होता. तळं आटलेलं. मॅडम काठावर आल्या आणि वाकून खाली बघायला लागल्या. खाली तो तळ उन्हात चकाकत होता, एक भेग नाही, एक खडा नाही. काठावर एका बाजूला गाववाले, दुसऱ्या बाजूला सोसायटीवाले.

मॅडम खाली उतरल्या. तेलाच्या डब्याएवढं एक बिनबुडाचं लोखंडी कडं त्यांनी हातोड्यानं तळात ठोकून बसवलं. बसता बसेना. मग त्यात पाणी ओतलं, आतून खडूनं रेघ मारली आणि घड्याळ लावलं. आम्ही सगळे वाकून बघतोय. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. पाणी रेघेला तसंच. तासानं मॅडमनी नख लावून बघितलं. नखभरसुद्धा उतरलं नव्हतं.

काकाची छाती फुगली. खरं सांगते, फुगली! माझ्याकडे वळून म्हणाला, "बगितलंस? सात वर्सांत थेंब गेला नाय."

मॅडमनी वर बघितलं. "हा थर नुसता गाळ बसून झालेला नाही. मुद्दाम केलाय कोणीतरी. कोणी केलं हे काम?"

"मी," काका म्हणाला. जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

 मॅडमनी पहार मागितली. चार पावलं बाजूला हातभर जागा फोडायला घेतली. काका "अगं अगं, तळ फुटंल" म्हणत पुढे धावला, मी त्याला दंडाला धरून थांबवला. ढेकळं निघाली, जाड, काळी, वीटच जणू. त्याखाली खडी लागली, तीही गाळानं गच्च. तेवढी खडी काढली तेव्हा खालचा मुरूम दिसला. त्यात तेच कडं बसवलं, तेवढंच पाणी ओतलं, तीच रेघ मारली.

पाणी गेलं. बघता बघता गेलं. कडं रिकामं. मॅडमनी परत भरलं, परत गेलं.

 मॅडम कपाळ पुसत म्हणाल्या, "खाडीचं खारं पाणी जमिनीखालून सारखं आत घुसायला बघतं. पावसाचं गोड पाणी वरून जिरतं, ते त्याला मागे दाबून ठेवतं. बाकी सगळीकडे आता काँक्रीट. विहिरीला गोड पाणी पोचायला हीच एक जागा उरली होती. इथलं जिरणं सात वर्षं बंद आहे."

पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. तिथे जमलेल्या माणसांत डिग्रीवाले किती होते, पण पहिलं कळलं ते काकाला. कळणारच. पाणी खाली जाऊ द्यायचं नाही म्हणजे काय, हे त्याच्याइतकं त्या काठावर कुणाला माहीत होतं? तो खाली उतरला. त्या फोडलेल्या जागेजवळ बसला, एक ढेकूळ उचललं, अंगठ्यानं दाबून बघितलं.  त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं होतं. मला वाटलं, आता हा इथेच आडवा होतो.

"मना कोनी सांगितला नाय," तो म्हणाला. मग परत, अगदी हळू, "मना कोनी सांगितला नाय गो."

तेवढ्यात रत्नदीपला कंठ फुटला. "म्हणजे बघा हं, शेवटी तुमच्याच माणसानं..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "शाल कोणी दिली रे?" मी ओरडले. "हातांची जादू कोण म्हणालं माइकवर? फाईल कुणाच्या कपाटात सडतेय? लेक व्ह्यू पाहिजे होता ना तुम्हांला, लेक व्ह्यू? चोराच्या उलट्या बोंबा!" अजून बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. रत्नदीप मोबाईलमध्ये बघायला लागला. पण ओरडून माझं समाधान होईना, कारण ओरडताना मलाच आठवत होतं, मी सात वर्षं त्या तळ्याचे फोटो स्टेटसला टाकलेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं. आमचेच हात, आमचंच अवलक्षण.

परत येताना गावचे जाणते सखारामबाबा सगळ्यांना थांबवून म्हणाले, "भागीरथीला यातला एक शब्द सांगायचा नाय. बिल्डरनी केला, एवराच म्हनायचा. म्हातारीची भाजीची वारी गेली, आता भाऊ पन घालवायचा का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आत्याला काकाशिवाय आणि काकाला आत्याशिवाय आहे कोण? काकूही जाऊन सहा वर्षं झालेली. खोटं बोलणं मला त्या वेळी अगदी बरोबर वाटलं, आणि आजही मी त्याची लाज वाटून घेत नाही.

काकानं मान डोलावली नव्हती. मी वळून बघते तर तो नाहीच. सरळ वाडीकडे चाललेला, चिखलाचं ढेकूळ हातात तसंच. मी धावले.

आत्या बावेच्या कठड्याला टेकून बसली होती. काका तिच्यासमोर उभा राहिला आणि काही प्रस्तावना न करता म्हणाला, "बाय, तुजी बाव मी खारी केली."

"क बोलतंस?"

"मी केली. तो तला मी पायानी तुरवला नं. पावसाचा पानी त्याच्यातून तुज्या बावेला येत व्हता. मी बंद केला. सात वर्सं." त्यानं ढेकूळ तिच्यापुढे धरलं. "ह्यो बग. बाबानी शिकवला तसाच केला."

आत्या त्या ढेकळाकडे बघत राहिली. मग कठड्याला धरून उठली, तिला उठायला वेळ लागतो, आणि काकाच्या कानफटात एक ठेवून दिली. चौसष्ट वर्षांच्या माणसाला! असा आवाज आला की झाडावरचे कावळे उडाले. मागून आलेली सगळी माणसं जागच्या जागी. आमच्या घरात आत्यानं आजवर मांजरावर हात उगारलेला नाही. 

काका हलला नाही. गालाला हातही लावला नाही.

आणि मग आत्याच खाली बसली, मातीतच. डोक्यावर दोन्ही हात मारून घ्यायला लागली. "मी बगत व्हते नं! कुंपनाशी उभी ऱ्हाऊन बगत व्हते! मी पन बाबाचीच पोर, मी पन त्या मिठागरात मेले, मना कसा कलला नाय? कोपरा ऱ्हायला म्हनून मीच दाखवला रं तुला!" तिचे हात धरता धरता माझी पुरेवाट झाली. काकानं तिला जवळ घेतलं नाही की सॉरीबिरी म्हणाला नाही. तोही तिच्या शेजारी मातीत बसला. अर्धा तास दोघं तशीच. गाववाले कधी पांगले कळलं नाही.

उठली ती आत्याच आधी. माझ्याकडे बघून म्हणाली, "उभी क ऱ्हायलीस? फावरी आन घरातून."

दुसऱ्या दिवसापासून खोदायला घेतलं. चोपलेला तो तळ सहजासहजी निघतो का? पहारींची टोकं वाकली. काका जेवायलासुद्धा वर येईना. आपलंच काम आपल्या हातानं फोडत होता, आणि ते इतकं पक्कं होतं की फोडताना त्याला घाम फुटत होता. सोसायटीतलेही वीस-पंचवीस जण उतरले. रत्नदीपही दोन दिवस बूट घालून आला, एवढं म्हणायला हवं. वीतभर जाडीचा थर निघाला. खालची खडी काढून धुतली, नवी वाळू पसरली. फाईल कपाटातून निघाली. दरवर्षी मेमध्ये गाळ खरवडायचा, असं गेटवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं.

बावेचं पाणी गोड कधी होणार, असं मी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "आत घुसलेलं खारं पाणी हळूहळूच मागे जाईल. तीन पावसाळे, कदाचित चार. नक्की सांगता येणार नाही." काका मागेच उभा होता. त्यानं ऐकलं. 

जूनच्या शेवटी दोन दिवस पावसानं झोडपलं. तळं काठोकाठ भरलं आणि पाऊस थांबल्यावर दीड दिवसात रिकामं झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काका काठावर उभा होता, पोट दाबून. मी विचारलं, काय होतंय? तर म्हणाला, "पानी खाली चाललेला बगून पोटात कालवता गो. कलतं, पन कालवता." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आनंदाचं होतं असं मी म्हणणार नाही.

पावसाळ्यात बावेचं पाणी जरा हलकं लागलं. आम्हांला वाटलं, सुटलो. दसऱ्यानंतर परत खारट. दिवाळीत तसंच. काका रोज सकाळी सहाला वाडीत जातो, कळशी ओढतो, आत्याच्या हातावर पाणी ओततो. ती तोंडात घेते, थुंकते, "खारी," म्हणते आणि काठी टेकत घरी जाते. एकही दिवस खाडा नाही. वाडी तशीच ओसाड.

परवा मीही बरोबर गेले होते. आत्यानं घोट घेतला, थुंकली. काका कळशी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग एकदम म्हणाला, "बाय, चार पावसाले बोलली ती मॅडम. तुजा वय..."  चौसष्ट वर्षांचा माणूस हुंदके द्यायला लागला. "तवर तू नसलीस तं मी कोनाला चाखवू?"

आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्यावर खेकसली, "गप! जवर ही बाव गोड होत नाय तवर मी मरत नाय. आनि तू पन मरायचा नाय, आताच सांगून ठेवते. उद्या सा वाजता ये."